मुलांच्या हातीं चार गुंठे

छांदोग्योपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा आपल्या घरांतून बहुतेक मुलांच्या कानांवरून गेलेली असते. आपलें गोत्र आपणांस ठाऊक नाहीं असें त्या मुलानें निर्भयपणें सांगितलें, आणि त्या खरेपणासाठींच हारिद्रुमत गौतमांनीं त्याला शिष्य करून घेतलें, एवढा भाग सर्वांच्या लक्षांत राहतो. त्यापुढचा भाग सांगावयाचा मात्र पुष्कळदां राहून जातो. उपनयन होतांच गुरूंनीं त्याला पाठांतरास बसविलें नाहीं. कळपांतल्या चारशें रोडक्या, अशक्त गायी निवडून त्यांनीं त्याच्या स्वाधीन केल्या आणि त्यांच्यामागून जावयास सांगितलें. गायींचें सहस्र पुरें झाल्याखेरीज परतावयाचें नाहीं असा निश्चय करून सत्यकाम रानांत गेला, वर्षानुवर्षें तेथें राहिला, आणि वृषभ, अग्नि, हंस व मद्गु पक्षी यांच्याकडून ब्रह्माचा एकेक पाद शिकून आला. तो परतला तेव्हां त्याची मुद्रा ब्रह्मवेत्त्यासारखी उजळलेली गुरूंना दिसली. मगच त्यांनीं स्वतःच्या मुखानें त्याला विद्या सांगितली, आणि तींत कांहींही उणें राहिलें नाहीं.

शिक्षकाच्या पेशांत असतांना ही कथा मीं कितीदां तरी वर्गांत सांगितली. दर वेळीं सत्यवचनाच्या महिम्यापाशीं मी थांबत असें. त्या चारशें गायींना पाणवठा कोणीं शोधून दिला, आजारी गाय कोणीं राखली, व्यालेल्या गायीपाशीं रात्र कोणीं जागविली, हे प्रश्न मीं मुलांना कधीं विचारले नाहींत, आणि स्वतःलाही विचारले नाहींत.

ते विचारावयास मला एका मुलानें भाग पाडलें. तो नववींत होता. वडील लवकर वारलेले; घरची शेती तो आणि त्याची आई पाहत. शेतीच्या पंपांना वीज रात्रींची मिळे, म्हणून हा मुलगा रात्रीं उसाला पाणी देई आणि दुसरे दिवशीं माझ्या तासाला पेंगे. मीं त्याला पुष्कळ वेळां बाकावर उभें केलें. 'मंद' हा शब्दही चारचौघांसमक्ष त्याला लावला. पुढें एके दिवशीं शाळेच्या विहिरीवरचा पंप पाणी ओढीनासा झाला. मिस्त्री मिळेना. तेव्हां ह्या मुलानें दोन सोबत्यांच्या साह्यानें विहिरींतला पाइप वर काढला, तळाच्या फूटव्हॉल्व्हमध्यें पालापाचोळा अडकून त्याची झडप पुरती मिटत नाहीं हें आम्हांला दाखविलें, ती साफ केली, पाइपांत वरून पाणी भरलें आणि पंप चालू करून दिला. झडप मिटली नाहीं तर पाइपांतलें पाणी खालीं उतरतें, त्याच्या जागीं हवा शिरते, आणि हवा शिरली कीं पंपाला पाणी ओढतां येत नाहीं, हें त्यानें आम्हां मास्तरमंडळींना दहा मिनिटांत समजावून दिलें. सहामाहीला विज्ञानाच्या विषयांत तो नापास झालेला होता. त्या दिवसाच्या त्याच्या कामासाठीं माझ्या गुणपत्रकांत रकाना नव्हता. मीं 'शाबास' म्हटलें आणि मुकाट्यानें वर्गाकडे वळलों. त्याच वर्षीं त्यानें शाळा सोडली.

ही गोष्ट मनांत सलत राहिली, आणि हातांनीं काम करून मुलें शिकतात अशा मंडळांची माहिती मी जमवूं लागलों. ह्या मार्गानें सर्वांत दूरवर गेलेला देश म्हणजे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. तेथील खेड्यांतून मुलामुलींचीं अशीं मंडळें सव्वाशें वर्षांमागें निघालीं व आजही चालू आहेत. त्यांच्या इतिहासांत आपणां पुस्तकी लोकांनीं विचार करावा असें पुष्कळ आहे, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

कचेरीच्या तळघरांतली पहिली सभा

ओहायो राज्यांत क्लार्क नांवाची काउंटी, म्हणजे आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यासारखा एक मुलूख आहे. तेथील खेड्यांतल्या शाळांचे अधीक्षक आल्बर्ट ग्रॅहॅम नांवाचे गृहस्थ होते. शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत व्याकरण व अंकगणित शिकतात, परंतु ज्या मातीवर त्यांचें पोट आहे तिच्याविषयीं एक अक्षरही शिकत नाहींत, ही गोष्ट त्यांना खुपत होती. १५ जानेवारी १९०२ रोजीं त्यांनीं स्प्रिंगफील्ड गांवच्या कचेरीच्या तळघरांत आसपासच्या शाळांतील मुलामुलींची सभा बोलाविली. पुढें देशभर पसरलेल्या चळवळीचा आरंभ ह्याच सभेपासून धरतात.

त्या सभांतून ग्रॅहॅम यांनीं व्याख्यानें झोडलीं नाहींत. त्यांनीं मुलांना लिटमस कागदाचे तुकडे दिले आणि आपापल्या शेतांतली माती तपासावयास सांगितलें. निळा कागद ओल्या मातींत तांबडा झाला तर माती आम्ल आहे, व तिला चुना घातला पाहिजे, हें मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. ओहायोच्या विद्यापीठानें आणि तेथील कृषिप्रयोगशाळेनें मुलांच्या ह्या कामाला साह्य दिलें. मुलांनीं मक्याचें निवडक बीं पेरलें, भाजीपाल्याचे व फुलांचे वाफे केले, आणि काय पेरलें, केव्हां उगवलें, किती आलें याची टिपणें ठेविलीं.

अशा मंडळांतून पुढें जो एक प्रयोग सर्वत्र रूढ झाला तो आमच्या भगिनींना अगदीं ओळखीचा वाटेल. मक्याचीं जीं कणसें बियाण्यासाठीं राखावयाचीं त्यांना मुलें क्रमांक देत. प्रत्येक कणसाचे निरनिराळ्या ठिकाणचे पांचसहा दाणे काढून एका ओल्या फडक्यावर त्या त्या क्रमांकाच्या चौकोनांत मांडीत, फडकें गुंडाळून ऊबदार जागीं ठेवीत, आणि आठवड्याभरानें उलगडून पाहत. ज्या कणसाच्या दाण्यांना मोड आले नाहींत अगर दुबळे आले तें कणीस बियाण्यांतून बाद. आपण मटकीला मोड आणतों तीच ही कृति. फरक इतकाच कीं येथें मोड मोजावयाचे व लिहून ठेवावयाचे. एका कणसांत कित्येक शें दाणे असतात. म्हणजे एक वांझ कणीस पेरणींत मिसळलें कीं शेतांत तितकीं ठिकाणें रिकामीं राहावयाचीं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा हिशेब एकदां कळला म्हणजे त्याला बीजपरीक्षेचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

बापानें मुलाकडून शिकावें

ह्या चळवळीच्या पोटांत आणखी एक हेतु होता. सरकारी कृषिखातें आणि शेतकी महाविद्यालयें यांनीं सुधारलेल्या शेतीचीं पत्रकें काढून पाहिलीं, व्याख्यानें देऊन पाहिलीं. पण शेतकरी मान डोलावून आपल्या जुन्याच वाटेनें जात असे. परगांवच्या पंडितानें शेती शिकवावी हें त्याला रुचत नसे. कपाशीच्या बोंडावरील सोंड्या किड्यानें टेक्सस राज्यांत हाहाकार उडविला तेव्हां सीमन नॅप नांवाच्या वृद्ध तज्ज्ञानें एक निराळी युक्ति काढली. १९०३ सालीं टेरेल गांवच्या एका शेतकऱ्याकडून त्याच्याच जमिनींत, त्याच्याच हातांनीं त्यांनीं नवी पद्धत करवून घेतली. तोटा आल्यास भरून देण्याची हमी गांवच्या व्यापाऱ्यांनीं घेतली. तोटा तर आला नाहींच, उलट नफा झाला. ऐकलेल्या गोष्टीबद्दल माणूस संशय धरतो, पाहिलेल्या गोष्टीबद्दलही धरूं शकतो, पण स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल धरूं शकत नाहीं, हें नॅप यांच्या साऱ्या उपदेशाचें सार होतें.

हेंच तत्त्व मुलांना लागू पडलें. १९०७ सालीं मिसिसिपी राज्यांतील होम्स काउंटींत डब्ल्यू. एच. स्मिथ या शाळा-अधीक्षकांनीं मुलांचें मका-मंडळ काढलें आणि सरकारी कृषिखात्यानें त्याला हात दिला. नियम साधा होता. बापानें मुलाला एक एकर जमीन तोडून द्यावी. तेवढ्या एकरावर मुलानें मंडळाच्या सांगण्याप्रमाणें मका करावा. उरलेल्या शेतावर बापानें आपल्या रीतीनें करावा. सुगीच्या दिवशीं दोन्ही पिकें शेजारीं शेजारीं उभीं राहत. मग कोणाला व्याख्यान देण्याची गरज उरत नसे. साउथ कॅरोलिना राज्यांतल्या जेरी मूर नांवाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें १९१० सालीं एका एकरांत २२८ बुशेल व वर पाऊण बुशेल मका काढला. आपल्या मापानें हे सुमारें ५८ क्विंटल होतात. त्या काळीं साऱ्या देशाची सरासरी एकरीं ३० बुशेलांच्या, म्हणजे साडेसात क्विंटलांच्या आंतच होती!

परंतु अधिकांत अधिक पीक काढण्याच्या चुरशींत मुलें वारेमाप खत ओततील आणि पीक मोठें पण खर्च त्याहून मोठा असें होईल, हा धोका चालकांनीं ओळखला. म्हणून मका-मंडळांच्या स्पर्धेंत गुण असे वांटून दिले जात: पिकाच्या वजनाला ३०, निव्वळ नफ्याला ३०, उत्तम कणसांच्या मांडणीला २०, आणि मुलानें स्वतः लिहिलेल्या वृत्तांताला २०. ही वांटणी मीं वाचली तेव्हां माझ्यांतला मास्तर चकित झाला. निव्वळ पीक काढणाऱ्यास शंभरांपैकीं तीसच गुण. बाकीचे हिशेबाला, पारखीला आणि लेखनाला. भाषा, गणित व विज्ञान ह्या तिन्ही विषयांची परीक्षा एका एकरावर होत होती, आणि तिच्यांत घोकंपट्टीला वाव नव्हता.

मुलींचे चार गुंठे

मुलांच्या मका-मंडळांची हकीकत १९०९ च्या अखेरीस साउथ कॅरोलिनांतील एकेन काउंटीच्या मारी क्रोमर नांवाच्या तरुण शिक्षिकेनें एका शिक्षक-सभेंत ऐकली. खेड्यांतल्या मुलींसाठीं मात्र असें कांहींच नाहीं, ही गोष्ट तिच्या मनाला लागली. १९१० सालीं तिनें मुलींचें टोमॅटो-मंडळ काढलें. प्रत्येक मुलीला जमीन मिळाली एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या मापानें बरोबर चार गुंठे. तेवढ्या तुकड्यांत मुलींनीं टोमॅटो लावावयाचे, निगा राखावयाची, आणि आलेलीं फळें स्वच्छ करून, उकळून, हवाबंद डब्यांत भरून विकावयाचीं. येणाऱ्या पैशांची मालकी मुलीची.

चार गुंठे म्हणजे फार नव्हेत. पण तेथील खेड्यांत त्या काळीं मुलीच्या नांवानें कोणतीच गोष्ट नसे. डबे भरतांना उष्णतेनें जंतु मरतात, डबा नीट मिटला नाहीं तर आंतला माल नासतो, म्हणून भांडीं, हात व झांकणें किती निर्मळ असावीं लागतात, हें शास्त्र त्या मुली चुलीपाशीं उभ्या राहून शिकल्या. आपल्या घरांतील लोणच्याच्या बरणीचें शास्त्र ज्या आजीबाईंना ठाऊक आहे त्यांना हें सांगणें नको. भेद एवढाच कीं आजीबाईंचें शास्त्र हातांत राहतें, कागदावर उतरत नाहीं. आणि त्यांच्या पश्चात् तें घराबाहेर जातें. त्या मुलींना मात्र प्रत्येक डब्याची नोंद ठेवावी लागे. क्रोमर यांचें पाहून दक्षिणेकडील इतर राज्यांतूनही मुलींचीं मंडळें निघालीं.

चार पानांचें चिन्ह

आयोवा राज्यांतील पेज काउंटीच्या शाळा-अधीक्षिका जेसी फील्ड यांनीं १९१० च्या सुमारास आपल्या मुलांसाठीं क्लोव्हरच्या तीन पानांचें एक पदक केलें. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे गुरांसाठीं लावतात त्या बरसीम घासाच्याच कुळांतली वनस्पति. तिचीं पानें तीन तीन असतात. चार पानांचा देंठ क्वचित् सांपडतो आणि तो शुभ मानितात. लवकरच ह्या चिन्हाचीं पानें चार झालीं. शिर, हृदय, हात व आरोग्य हे त्या चार पानांचे अर्थ. इंग्रजींत हे चारही शब्द एच अक्षरानें सुरू होतात, म्हणून ह्या मंडळांना 'फोर-एच' हें नांव पडलें. 'करून शिका' हें त्यांचें घोषवाक्य.

१९१४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें स्मिथ-लीव्हर कायदा केला आणि मध्यवर्ती कृषिखातें, राज्याचें शेतकी महाविद्यालय व काउंटी अशा तिघांच्या भागीदारीनें कृषिविस्ताराची व्यवस्था लावून दिली. मुलांचीं मंडळें ह्याच व्यवस्थेखालीं आलीं. महाविद्यालय ज्ञान पुरवितें, काउंटींतला पगारी कार्यकर्ता मार्ग दाखवितो, आणि प्रत्यक्ष मंडळ चालवितात ते गांवचेच बिनपगारी स्त्रीपुरुष. प्रत्येक सभासद वर्षाला एक काम पत्करतो, त्याची वही ठेवतो, आणि काउंटीच्या जत्रेंत आपलें काम मांडून परीक्षकापुढें उभा राहतो. सभेचा अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार हीं मुलेंच असतात. आज ह्या मंडळांतून शेतीबरोबर यंत्रविद्या, संगणक, शिवण, छायाचित्रण असे नाना विषय चालतात, शहरांतलींही मुलें त्यांत येतात, आणि सभासदांची संख्या सुमारें साठ लक्ष असल्याचें संस्था सांगते.

ह्या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांचीं मंडळें निराळीं असत, आणि काळ्या मुलांच्या वाट्याला पैसा व साधनें थोडीं येत. ज्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरांचें नांव वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळें मराठी घरांत सर्वश्रुत झालें आहे, त्यांनीं टस्कीगीच्या संस्थेंत असतां काळ्या शेतकऱ्यांसाठीं शेतकी शिक्षणाची एक फिरती गाडी तयार केली. १९०६ पासून ती गांवोगांव हिंडूं लागली. शाळा त्यांच्यापर्यंत येत नव्हती, म्हणून गाडी गेली. मंडळांतील ही वेगळीक कायद्यानें मोडली ती १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर. आणखी असें कीं मका मुलांचा व डबे मुलींचे, ही वांटणीही पुष्कळ वर्षें टिकली. जत्रेंत वाढविलेलें वासरूं खाटकाला विकण्याची जी चाल तेथें आहे ती तर आपल्या मनाला रुचणारी नाहींच. पण परक्याचा दोष दाखवून त्याचा गुण टाळावयाचा, ही आपली जुनी खोड आहे. दोष वगळून गुण घेतां येतो.

पाबळचें उदाहरण

आपल्याकडे असें कांहीं झालेंच नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा आराखडा केला. 'नयी तालीम' म्हणून ती सर्वांस ठाऊक आहे. पण आपल्या सुशिक्षित घरांनीं तिच्याकडे 'दुसऱ्यांच्या मुलांसाठीं उत्तम' ह्या दृष्टीनें पाहिलें. सूत त्यांच्या मुलांनीं काढावें, आणि पदवी आमच्या मुलांनीं मिळवावी!

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पाबळ हें कोरडवाहू, अवर्षणाचें गांव आहे. अमेरिकेंत अन्नतंत्रशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले आणि एका मोठ्या कारखान्याच्या संशोधनशाळेंत वरिष्ठ पदावर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुदतीपूर्वीं निवृत्ति घेतली, आणि १९८३ सालीं ह्या गांवीं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेलीं मुलें तेथें राहून शिकूं लागलीं. लोखंड जोडणें, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, कोंबड्या व जनावरें, पाणी व माती यांची तपासणी, हें सर्व तीं करीत, आणि गांवाला खरोखरीच हवी असलेली कामें मोबदला घेऊन करून देत. कोणीं बनविलेलें फाटक नीट मिटलें नाहीं तर गिऱ्हाईक पैसे देत नाहीं; हा परीक्षक कोणाचा मुलाहिजा राखीत नाहीं. पुढें हाच अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतून आठवड्याचा एक दिवस शिकविण्याची व्यवस्था झाली. यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. आणि शिकविणारे पुष्कळदां गांवांतलेच कारागीर. २००२ च्या सुमारास अमेरिकेंतील एम्. आय्. टी. ह्या विख्यात संस्थेच्या साह्यानें पाबळला आधुनिक यंत्रांची 'फॅब लॅब' नांवाची प्रयोगशाळा झाली. त्या संस्थेबाहेर जगांत निघालेल्या पहिल्या कांहीं अशा प्रयोगशाळांत ती गणली जाते. डॉ. कलबाग २००३ सालीं वारले. आश्रम चालू आहे.

ज्या मुलाला मीं मंद ठरविलें त्याच्यासाठीं अशी जागा आपल्याच जिल्ह्याशेजारीं होती, आणि मला तिची वार्ता नव्हती. वर्तमानपत्र मी रोज वाचीत होतों.

आपल्या घरांत काय करतां येईल

प्रत्येकानें पाबळसारखा आश्रम काढावा असें माझें म्हणणें नाहीं. पण ज्या घरांत चार भावंडांचीं आठदहा मुलें दिवाळींत व मे महिन्यांत एकत्र जमतात, ज्यांचें गांवीं एखादें घर किंवा परसूं अजून राखलेलें आहे, त्या घराला मंडळ काढावयास कोणाच्या अनुज्ञेची आवश्यकता नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं मुलाला कांहीं तरी सर्वस्वीं त्याचें म्हणून द्यावें. चार गुंठे नसले तर चार वाफे चालतील, तेही नसले तर गच्चीवरचीं चार पिंपें. त्यांत काय लावावयाचें तें त्यानें ठरवावें, आणि चुकलें तर चुकूं द्यावें. वाळलेलें रोप पाहून काकांनीं रात्रीं गुपचूप नवें लावूं नये! आपल्या एकत्र कुटुंबांत माया पुष्कळ. पण तिच्यामुळें मुलाच्या हातून कोणतेंच काम पुरतें होऊं शकत नाहीं, हें मीं वारंवार पाहिलें आहे.

दुसरी गोष्ट वहीची. प्रयोग लहान असावा, पण त्यांत मोजणें व लिहिणें असावें. बाजारांतून आणलेल्या मेथीच्या बियाण्यांतले शंभर दाणे ओल्या फडक्यांत ठेवून किती उगवतात तें मोजावें. साठच उगवले तर पेरतांना बीं किती अधिक घ्यावें याचें त्रैराशिक मुलानेंच मांडावें. आजीकडून हळद घेऊन तिच्या पाण्यांत कागद भिजवून वाळवावा आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. पिवळा कागद तांबडा होतो. हळदीपासून कुंकूं कसें होतें त्याचें रहस्य येथें उघडें होतें, आणि लिटमसाचें तत्त्वही कळतें. पावसाळ्यांत सरळ कडांचें भांडें अंगणांत ठेवून पाऊस मोजावा. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हां शंभर चौरस मीटरांच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी आलें. तें कोठें गेलें, हा प्रश्न मग मूलच विचारील, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणें वडील मंडळींना सोपें जाणार नाहीं.

तिसरी गोष्ट, मुलगा व मुलगी हा भेद येथें नको. विजेचा फ्यूज मुलीनें बसवावा, आणि कणीक मुलानें तिंबावी. कणकेंत पाणी किती मुरतें हेंही शास्त्रच आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आपणांस सर्वांत जड जाणारी. मंडळ केवळ आपल्या घरच्या मुलांचें असूं नये. गांवीं आपल्या परसाला लागून ज्यांचीं घरें आहेत त्यांचीं मुलें त्यांत असलीं पाहिजेत, आणि तीं पाहुणीं म्हणून नव्हे तर बरोबरीचे सभासद म्हणून. आपल्या मुलांना शब्द पुष्कळ येतात, त्यांना कामें पुष्कळ येतात. एकानें वही लिहावी व दुसऱ्यानें कुदळ मारावी अशी वांटणी मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी. नाहीं तर मंडळाच्या नांवाखालीं जुनाच व्यवहार चालेल. सत्यकामाला गोत्र सांगतां आलें नाहीं तरी गौतमांनीं त्याला समिधा आणावयास सांगितलें. हें विसरून उपनिषदांचा अभिमान बाळगण्यांत अर्थ नाहीं.

शेवटीं, वर्षांतून एक दिवस ह्या कामांची मांडणी व्हावी. गणपतीच्या दहा दिवसांतली एक सायंकाळ त्यासाठीं काढून ठेवितां येईल. प्रत्येक मुलानें आपलें काम व आपली वही घेऊन वडिलांपुढें उभें राहावें, आणि काय फसलें तें आधीं सांगावें. बक्षिसें दिलींच तर पिकाला थोडीं व खऱ्या हिशेबाला अधिक द्यावीं.

तो नववींतला मुलगा पुढें काय करीत आहे, अशी चौकशी मीं निवृत्तीनंतर केली. जवळच्या बाजारगांवीं त्याचें मोटारी व पंप दुरुस्त करण्याचें दुकान आहे. मी गेलों तेव्हां त्यानें मला ओळखलें, 'गुरुजी, बसा' म्हणून खुर्ची पुढें केली, आणि चहा सांगितला. मीं त्या जुन्या शब्दाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो हंसला, त्याला तो शब्द आठवत नसल्याचें त्यानें सांगितलें. आठवत असावा असें मला वाटलें. त्याच्यापाशीं दोन पोरें काम शिकत होतीं, आणि भिंतीला टांगलेल्या एका वहींत तीं प्रत्येक दुरुस्तीची नोंद करीत होतीं: काय बिघडलें, कशानें बिघडलें, काय केलें. वही उघडून मीं पाहिली. असाच रकाना माझ्या गुणपत्रकांत असावयास हवा होता.